घराबाहेरचा कॅमेरा : निवड कशी करावी, तपासणी कशी करावी

घराच्या दारावर, फाटकाजवळ किंवा इमारतीच्या जिन्यात लावलेला कॅमेरा ही आता केवळ बंगलेवाल्यांची वस्तू राहिलेली नाही. नोकरदार, शिक्षक, छोटे दुकानदार यांच्या घरांवर आणि वसाहतींच्या प्रवेशद्वारांवरही असे कॅमेरे दिसू लागले आहेत. पती-पत्नी दोघेही कामावर, मुले शाळा-कॉलेजात आणि घरी फक्त वडीलधारी माणसे, अशा कुटुंबाला दारात कोण आले आहे हे दिसावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कॅमेरा घेताना बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतात : 'किती मेगापिक्सेलचा?' आणि 'केवढ्याला?' तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो असा : आमच्या फाटकापाशी रात्री चालत आलेल्या माणसाचा चेहरा ह्या कॅमेऱ्यात ओळखू येईल का? प्रस्तुत लेख ह्या तिसऱ्या प्रश्नासंबंधी आहे.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. समजा, एखाद्या घरी चोरी झाली. चित्रण काढून पाहिले, तर त्यात एक धूसर आकृती दिसते. निळा शर्ट, पाठीवर पिशवी, चेहऱ्याच्या जागी एक पांढुरका ठिपका. मग घरातले कोणी म्हणते, 'हा तर पार्सल आणणारा मुलगा वाटतो.' दुसरे म्हणते, 'नाही, मागच्या वस्तीतला तो पोरगा.' जे चित्रात दिसत नाही ते पाहणारा आपल्या मनातून भरून काढतो आणि संशय जातो तो धुणीभांडी करणाऱ्या बाईवर, रखवालदारावर, भंगार गोळा करणाऱ्यावर. अशा संशयाचा अनुभव आपल्यातील कष्टकरी माणसांना नवा नाही. म्हणून आपल्या दारावरचा कॅमेरा चेहरा स्पष्ट दाखवतो की नाही, हे पाहणे ही आपलीच जबाबदारी आहे. अस्पष्ट कॅमेरा खरा चोर दाखवत नाही. निरपराध माणसाला मात्र अडचणीत आणू शकतो.

थोडा इतिहास

घराच्या दारावर कॅमेरा लावण्याची कल्पना एका परिचारिकेची आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही कृष्णवर्णीय परिचारिका न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात राहत असे. तिच्या कामाच्या वेळा अवेळी, तिचा पती आल्बर्ट हा इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ, त्याच्याही वेळा वेगळ्या. त्यामुळे तिला घरी अनेकदा एकटे राहावे लागे आणि बोलावल्यावर पोलीस वेळेवर येतीलच याची खात्री नसे. ह्या दोघांनी मिळून एक योजना आखली. दाराला निरनिराळ्या उंचीवर चार छिद्रे, त्यांवरून वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत दूरचित्रवाणीचा पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय, दुरून दार उघडण्याची कळ आणि धोक्याचा इशारा देणारे बटण. त्यांनी १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले.

ह्या योजनेत विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चार छिद्रे कशासाठी? येणारा माणूस उंच असो, बुटका असो किंवा लहान मूल असो, त्याचा चेहरा दिसला पाहिजे यासाठी. म्हणजे 'चेहरा दिसणे' ही अट पहिल्या दिवसापासून ह्या यंत्राच्या मुळाशी होती. आज बाजारात गुणांची यादी लांबच लांब झाली आहे. ही मूळ अट मात्र मागे पडली आहे.

कॅमेऱ्याकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नयेत. जगभरात झालेल्या ४० वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. कॅमेरे असलेल्या ठिकाणी गुन्हे, कॅमेरे नसलेल्या ठिकाणांच्या तुलनेत, सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात आढळले. वाहनतळांवर हा परिणाम अधिक होता आणि जेथे कॅमेऱ्यांबरोबर इतर उपायही योजले होते तेथे तो अधिक चांगला होता. तेव्हा दाराचे कुलूप, कडी आणि बाहेरचा दिवा यांचे काम आधी करावे. कॅमेरा त्यानंतर.

कॅमेऱ्याने काय दाखवावे?

'कॅमेऱ्यात दिसते' असे आपण म्हणतो, पण दिसण्याचेही टप्पे आहेत. सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने २०१४ साली एक मानक प्रसिद्ध केले. माणूस ज्या ठिकाणी उभा आहे तेथील एक मीटर रुंदीवर कॅमेऱ्याचे किती पिक्सेल, म्हणजे किती चित्रबिंदू, पडतात यावरून त्यात हे टप्पे ठरवले आहेत. घरासाठी त्यांतील चार पुरेसे आहेत.

१) चाहूल : मीटरला २५ पिक्सेल. कोणीतरी आहे एवढे कळते. माणूस आहे की जनावर, हे बहुधा कळते.

२) निरीक्षण : मीटरला सुमारे ६२ पिक्सेल. कपड्यांचा रंग, हातातील पिशवी, चालण्याची दिशा कळते.

३) ओळखीच्या माणसाची ओळख : मीटरला १२५ पिक्सेल. पाहणाऱ्याला जो माणूस आधीपासून माहीत आहे, तो हाच का, हे बऱ्याच खात्रीने सांगता येते.

४) अनोळखी माणसाची निश्चिती : मीटरला २५० पिक्सेल. पूर्वी कधीही न पाहिलेल्या माणसाची ओळख त्या चित्रावरून निःसंशय पटवता येते.

वर सांगितलेली 'निळा शर्ट, पाठीवर पिशवी' ही आकृती दुसऱ्या टप्प्यातली आहे. त्या टप्प्यावर कोणाचेही नाव घेणे चुकीचे आहे, कारण तसा शर्ट आणि तशी पिशवी शेकडो मुलांकडे असते. घराच्या फाटकावर किंवा मुख्य दारावर चौथा टप्पाच हवा. अंगण, गच्ची, वाहने लावण्याची जागा येथे दुसरा किंवा तिसरा चालतो. कॅमेरा घेण्यापूर्वी कागदावर घराचा साधा नकाशा काढावा आणि प्रत्येक जागेपुढे कोणता टप्पा हवा त्याचा आकडा लिहावा. खरेदीची निम्मी अक्कल ह्या कागदात आहे.

मेगापिक्सेल, भिंग आणि अंतर

आता हिशेब पाहू. तो सातवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र आडवे १९२० पिक्सेल असते. चार मेगापिक्सेलचे साधारण २५६०, आणि आठ मेगापिक्सेलचे ३८४०. माणूस जेथे उभा राहील तेथे चित्रात एकंदर किती रुंदीची जागा दिसते ते टेपने मोजावे. पिक्सेलच्या आकड्याला त्या मीटरमधील रुंदीने भागावे. उत्तर म्हणजे मीटरला पडणारे पिक्सेल.

उलट बाजूने पाहिले तर एक सोपा नियम मिळतो. चेहऱ्याची निश्चिती हवी असेल तर दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला त्या जागी सुमारे २५ फुटांपेक्षा जास्त रुंदी दाखवू देऊ नये. चार मेगापिक्सेलला ही मर्यादा सुमारे ३३ फूट आणि आठला सुमारे ५० फूट आहे. ह्या मर्यादा चांगल्या उजेडातल्या समजाव्यात.

किती रुंदी दिसेल हे भिंगावर अवलंबून आहे. घरगुती कॅमेऱ्यांत २.८, ४ आणि ६ मिलिमीटर अशी भिंगे सामान्यतः मिळतात. आकडा लहान, तर दृश्य रुंद आणि माणूस लहान. आकडा मोठा, तर दृश्य अरुंद आणि माणूस मोठा. दोन मेगापिक्सेलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात ५ मीटर अंतरावर काय होते ते पाहा. २.८ मि.मी. भिंगातून सुमारे १० मीटर रुंदीची जागा दिसते, म्हणजे मीटरला १९२ पिक्सेल. ४ मि.मी. भिंगातून सुमारे ७ मीटर, म्हणजे मीटरला २७४. ६ मि.मी. भिंगातून सुमारे साडेचार मीटर, म्हणजे मीटरला ४२७. कॅमेरा तोच, अंतर तेच. पण पहिल्या भिंगात अनोळखी माणसाची निश्चिती होत नाही आणि दुसऱ्यात होते. अंतर दुप्पट केले की हे आकडे निम्मे होतात.

दुकानात २.८ मि.मी. भिंगच बहुधा पुढे केले जाते, कारण त्यात 'सगळे दिसते' आणि ग्राहक खूश होतो. परंतु सगळे दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात कोणीच नीट दिसत नाही. सबब शक्य असेल तर दोन कॅमेरे घ्यावेत : एक रुंद भिंगाचा, अंगणासाठी, दुसरा अरुंद भिंगाचा, फक्त फाटकातून आत येणाऱ्या चेहऱ्यासाठी. एकच घेणे परवडत असेल तर तो चेहऱ्यासाठी घ्यावा.

नंतर चित्र मोठे करून पाहता येईल, ह्या आशेवरही राहू नये. पडद्यावर चित्र मोठे केल्याने पिक्सेल मोठे होतात, नवी माहिती तयार होत नाही. फोनमधील काही सोयी चित्र 'स्वच्छ' करून देतात. तेथे यंत्र अंदाजाने चेहरा भरते. तो चेहरा प्रत्यक्ष माणसाचाच असेल याची काही शाश्वती नाही.

रात्रीची गोष्ट वेगळी

दुकानात कॅमेरा दिव्यांच्या लखलखाटात दाखवला जातो. त्याची खरी गरज रात्री पडते. रात्री तीन अडचणी येतात.

पहिली, उजेड. बहुतेक कॅमेऱ्यांत अवरक्त किरणांचे छोटे दिवे असतात. त्यांचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो. रात्रीचे चित्र काळे-पांढरे येते ते त्यामुळेच. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांचा मंद लाल ठिपका जवळून दिसतो आणि त्यांचा पल्ला अधिक असतो. ९४० नॅनोमीटरचे दिवे अजिबात दिसत नाहीत, पण पल्ला कमी. खोक्यावर '३० मीटर' लिहिलेले असले तरी तेवढ्या अंतरावर फारतर चाहूल लागते. अंतर दुप्पट झाले की पोहोचणारा प्रकाश चौपट कमी होतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम येथेही लागू आहे.

दुसरी, हालचाल. प्रकाश कमी पडला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी अधिक वेळ घेतो. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणारा माणूस सेकंदाच्या पंचविसाव्या भागात साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकतो. चेहऱ्याची रुंदी साधारण पंधरा सेंटिमीटर. म्हणजे चेहऱ्याचा एक तृतीयांश भाग पुसला जातो. हाच वेळ सेकंदाचा शंभरावा भाग ठेवला तर सरकणे दीड सेंटिमीटरपेक्षा कमी होते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'शटर' हा आकडा असेल तर तो बसवणाऱ्याकडून असा ठरवून घ्यावा. मात्र त्यामुळे चित्र काळवंडते. त्यावर उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे : फाटकावर एक साधा एल.ई.डी. दिवा. महागडा कॅमेरा आणि अंधार यांपेक्षा साधा कॅमेरा आणि दिवा ही जोडी अधिक उपयोगी पडते.

तिसरी, मेगापिक्सेलचा मोह. कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारी चकती तेवढ्याच आकाराची ठेवून पिक्सेल दोन मेगावरून आठवर नेले, तर प्रत्येक पिक्सेलचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते आणि त्याच्या वाट्याला प्रकाशही तितकाच कमी येतो. त्यामुळे स्वस्त आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा रात्री चांगल्या दोन मेगापिक्सेलपेक्षा वाईट चित्र देऊ शकतो. मेगापिक्सेलबरोबर चकतीचा आकारही विचारावा. १/२.८ इंच ही चकती १/४ इंचापेक्षा मोठी असते. भागाकारातील खालचा आकडा लहान तेवढी चकती मोठी.

जागा, उंची आणि पावसाळा

कॅमेरा जितका उंच तितका सुरक्षित, असे समजून तो गच्चीच्या कठड्याला लावतात. मग चित्रात टोपी आणि टक्कल तेवढे दिसते. कॅमेरा १० फुटांवर असेल, तर १५-१६ फुटांवरून येणाऱ्या माणसाकडे तो सुमारे १५ अंशांनी खाली पाहतो आणि चेहरा नीट येतो. तोच कॅमेरा १६ फुटांवर नेला तर कोन ३४ अंश होतो आणि कपाळाखालचे काही दिसत नाही. सबब चेहऱ्यासाठीचा कॅमेरा ८ ते १० फुटांवर असावा. तेथे कोणी काठी मारेल अशी भीती असेल तर आघात सोसणारे, 'आय.के. १०' असे लिहिलेले घुमटाकार कॅमेरे मिळतात. मावळत्या सूर्याकडे तोंड करून कॅमेरा लावू नये. दारातून बाहेर पाहणाऱ्या कॅमेऱ्यात माणसाच्या पाठीमागे ऊन असते आणि चेहरा काळा पडतो, तेथे 'डब्ल्यू.डी.आर.' ही सोय असलेला कॅमेरा घ्यावा.

बाहेरच्या कॅमेऱ्यावर 'आय.पी. ६६' किंवा 'आय.पी. ६७' हे आकडे पाहावेत. पहिला ६ म्हणजे आत धूळ शिरत नाही. दुसरा ६ म्हणजे पाण्याचा जोरदार झोत सोसतो. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतो. परंतु आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅमेऱ्यापेक्षा वायरची जोडणी आधी खराब होते. उघडी जोडणी चिकटपट्टी गुंडाळून भिंतीवर सोडू नये, तिच्यासाठी बंद डबी लावून घ्यावी. वायर भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळावरून गळून जाते. कोकणपट्टीत खारट हवेने स्क्रू गंजतात, तेथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मागावेत. कोळी हा आणखी एक शत्रू. दिव्याकडे किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि भिंगासमोर जाळे विणतो. रात्री त्या जाळ्यावर किरण पडून सारे चित्र पांढरे होते. महिन्यातून एकदा मऊ फडक्याने कॅमेरा पुसणे हाच त्यावर उपाय.

साठवण आणि वीज

चित्रण किती दिवस राहील याचाही हिशेब करता येतो. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट ह्या दराने चित्रण करत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट लागतात. चार कॅमेऱ्यांना ८६.४. म्हणजे दोन टेराबाइटच्या डिस्कवर सुमारे २३ दिवसांचे चित्रण राहते, नंतर जुने पुसून नवे भरले जाते. घराला १५ ते ३० दिवस पुरेसे असतात. 'एच. २६५' पद्धत जुन्या 'एच. २६४'पेक्षा सुमारे निम्म्या जागेत तेवढ्याच प्रतीचे चित्र ठेवते. डिस्क संगणकाची साधी घेऊ नये. रात्रंदिवस लिहिण्यासाठी बनवलेली वेगळी मिळते. वायफायचे कॅमेरे बसवायला सोपे, पण जाड भिंतीपलीकडे त्यांचा संपर्क तुटतो. भाड्याच्या खोलीसाठी ते ठीक. स्वतःच्या घराला वायर टाकून घेणे चांगले. कॅमेरा, चित्रण-यंत्र आणि राउटर ह्या तिन्हींना इन्व्हर्टरची जोड द्यावी. एकाला द्यायची राहिली तरी वीज गेल्यावर सारी यंत्रणा अपुरी पडते.

पैसे देण्यापूर्वीची चाचणी

ब्रिटनमध्ये अशा कॅमेऱ्यांच्या तपासणीसाठी 'रोटाकिन' नावाचा १.६ मीटर उंचीचा मानवाकृती फलक वापरात आला. आपण घरच्या घरी तेच काम पुठ्ठा, टेप आणि एक माणूस यांच्या साहाय्याने करू शकतो. कॅमेरे बसवल्यावर शेवटचा हप्ता देण्यापूर्वी पुढील चाचण्या बसवणाऱ्यासमोर घ्याव्यात. त्याला हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे वाद होत नाही.

१) रुंदीची चाचणी : फाटकापाशी चित्राच्या डाव्या व उजव्या कडेला दोघांना उभे करून मधले अंतर टेपने मोजावे आणि वरचा भागाकार करावा.

२) पुठ्ठ्याची चाचणी : चारचाकी वाहनाच्या पाटीवरील अक्षरे नियमाप्रमाणे ६५ मि.मी. उंच असतात. पुठ्ठ्यावर तेवढ्याच उंचीचा एखादा क्रमांक लिहून फाटकापाशी धरावा. वाचणाऱ्याला तो आधी सांगू नये. मीटरला २५० पिक्सेल असतील तर अक्षर सुमारे १६ पिक्सेल उंच पडते आणि वाचता येते. १२५ असतील तर ८ पिक्सेल, म्हणजे अंदाजच.

३) अनोळखी चेहऱ्याची चाचणी : ही सर्वांत महत्त्वाची. घरच्यांना जो ओळखीचा नाही अशा एखाद्या मित्राला त्याच्या संमतीने फाटकातून नेहमीच्या चालीने आत येऊ द्यावे. मग त्याच्या आणि तशाच वयाच्या, बांध्याच्या आणखी चार-पाच जणांच्या छायाचित्रांतून घरच्यांनी केवळ चित्रण पाहून त्याला ओळखावे. आपला स्वतःचा मुलगा चालवून पाहू नये. त्याला आपण चालीवरूनही ओळखतो आणि कॅमेरा उत्तम असल्याचा गैरसमज होतो.

४) चार वेळांची चाचणी : भर दुपारी, सूर्य मावळताना, रात्री दिवा लावून आणि रात्री दिवा बंद करून. चारही वेळा तिसरी चाचणी पुन्हा घ्यावी. पहिल्या मोठ्या पावसातही एकदा पाहावे.

५) चित्रणाची चाचणी : थेट दिसणारे चित्र पाहून समाधान मानू नये. साठवलेले चित्रण पुन्हा लावून पाहावे. ते बहुधा कमी प्रतीचे असते. ते पेनड्राइव्हवर उतरवून दुसऱ्या संगणकावर चालते का ते पाहावे.

६) घड्याळाची चाचणी : चित्रावरील तारीख व वेळ फोनशी ताडून पाहावी आणि दर महिन्याला पुन्हा पाहावी. वेळ चुकली तर जो माणूस दुपारी चार वाजता आला तो पाच वाजता आल्याचे दिसते, आणि त्यातून निरपराध माणूस गोत्यात येऊ शकतो.

७) विजेची चाचणी : मेन स्विच बंद करावा. चित्रण चालू राहते का आणि वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होते का, ते पाहावे.

ह्या चाचण्यांचे निकाल वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. कॅमेरा नापास झाला तर भिंग बदलणे, उंची कमी करणे आणि दिवा लावणे, ह्या तीन गोष्टींनी बहुतेक वेळा काम भागते. नवा कॅमेरा क्वचितच लागतो.

आपला कॅमेरा दुसऱ्याच्या हाती जाऊ नये

इंटरनेटला जोडलेला कॅमेरा हा एक छोटा संगणकच आहे. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि चित्रण-यंत्रे ताब्यात घेतली. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटमधील एका प्रसूतिगृहातील स्त्रियांच्या तपासणीचे चित्रण समाजमाध्यमांवर पसरल्याचे उघडकीस आले आणि पोलिसांनी अटका केल्या. तेव्हा कॅमेरा बसताच पासवर्ड बदलावा आणि तो बसवणाऱ्यासमोर टाइप करू नये. घराच्या आत, विशेषतः झोपण्याच्या व कपडे बदलण्याच्या जागी, कॅमेरा लावूच नये.

केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने अशा कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणीच्या अटी लागू केल्या असून एप्रिल २०२५ पासून त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. घेताना भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी-चिन्ह आणि 'आर' ह्या अक्षराने सुरू होणारा क्रमांक पाहावा, आणि पक्के बिल घ्यावे.

शेजारी आणि कायदा

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. आपल्या दारावर कॅमेरा लावण्यास हरकत नाही. पण त्याच्या चौकटीत समोरच्या घराची खिडकी, न्हाणीघर किंवा स्त्रिया पाणी भरतात तो नळ येता कामा नये. स्त्रीचे खाजगी क्षण चोरून टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये असे म्हटले की, सहरहिवाशाच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवणे हा त्याच्या खाजगीपणाचा भंग आहे. बहुतेक यंत्रांत चित्राचा नको तो भाग काळ्या पट्टीने झाकण्याची सोय असते, ती वापरावी. बसवल्यावर शेजाऱ्याला बोलावून चित्र दाखवावे. अर्धे गैरसमज तेथेच मिटतात. घरी कामाला येणाऱ्या व्यक्तीलाही कॅमेरा असल्याचे आधी सांगावे.

चित्रण न्यायालयात द्यायचे तर मूळ यंत्र हजर करावे लागते, नाहीतर प्रतीबरोबर प्रमाणपत्र लागते. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ज्या खटल्यात स्पष्ट केला, तो आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीचा तो वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रण त्यात पुरावा म्हणून पुढे आले होते. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. व्यवहारात एवढे करावे : घटना घडल्यावर चित्रण पुसले जाण्यापूर्वी त्याची प्रत काढावी, मूळ यंत्राला हात लावू नये, पोलिसांना दिल्यास पोच घ्यावी. फोनवर काढलेला तुकडा गटागटांतून पसरवू नये. तो पसरला की चौकशीच्या आधीच कोणाचे तरी नाव लागते, आणि ते नाव चुकीचे निघाले तर कोणी परत पुसायला जात नाही.

वसाहतीने किंवा संस्थेने मिळून कॅमेरे बसवले तर खर्च विभागतो, पण जबाबदारी वाढते. अशा ठिकाणी चित्रण कोण पाहू शकेल, ते किती दिवस ठेवायचे आणि कोणी कधी पाहिले याची नोंदवही कोणाकडे असेल, हे सभेत ठराव करून ठरवावे. 'येथे कॅमेरे चालू आहेत' अशी मराठीत पाटी लावावी.

विद्यार्थ्यांसाठी

ह्या विषयात भूमिती, प्रकाशशास्त्र, वीज, संगणक आणि कायदा एकत्र येतात. आय.टी.आय.मधील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम किंवा कॅमेरा-जोडणीचे कौशल्य-प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणाला यात रोजगार आहे. बाजारात कॅमेरे बसवणारे पुष्कळ आहेत. फाटकाची रुंदी मोजून कोणते भिंग लागेल हे सांगणारे आणि रात्री पुन्हा येऊन चाचणी करून देणारे मात्र थोडे. जो हे शिकेल त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही.

सभासदांपैकी ज्यांच्या घरी आधीच कॅमेरे आहेत, त्यांनी आज रात्री जेवण झाल्यावर एक करावे. फाटकाचा दिवा नेहमीप्रमाणे ठेवून एखाद्या अपरिचित माणसाला आत येऊ द्यावे, साठवलेले चित्रण पाहावे आणि चेहरा ओळखता येतो का ते घरच्यांना विचारावे. उत्तर 'नाही' असेल, तर बसवणाऱ्याला उद्याच बोलवावे. आणि तोवर त्या कॅमेऱ्यात जे दिसेल त्यावरून कोणाचेही नाव घेऊ नये.